ज्योत लावली आणि तिचा बर्फाचा गोळा झाला: इंग्रजी लिखाणातल्या बिघडलेल्या उपमा-रूपकांबद्दल

प्रश्न केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे, आपल्या बडोद्याचीच. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला पाठवायचा एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध) तिने कॉलेजातल्या सरांना दाखवला, सरांनी पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ मारली, बाजूला 'मिक्स्ड मेटाफर' एवढंच लिहिलं आणि कागद परत दिला. वाक्य असं: 'माय पॅशन फॉर केमिकल इंजिनिअरिंग इज अ फ्लेम दॅट वॉज प्लांटेड बाय माय फादर, अँड इट हॅज स्नोबॉल्ड इनटू अ स्टेपिंग स्टोन टुवर्ड्स माय ड्रीम्स.' ती विचारते, ताई, ग्रामर बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, कॉम्प्युटरपण काही चूक दाखवत नाही, मग चुकलं काय? आणि असल्या चुका आपल्या आपण पकडायच्या कशा?

आधी मी कोण ते सांगते. दांडिया बाजारात घरीच बसून बावीस वर्षं लोकांचं इंग्रजी नीट करून देते. थिसिस, एसओपी, कंपन्यांची ब्रोशर्स, कधीमधी कोणाची गोष्ट. एसओपींचा तर डिसेंबरात नुसता पाऊस असतो (हं, हेही रूपकच, आणि डिसेंबरात पाऊस पडत नाही हे मला माहितीये, पण बोलताना चालतं).

तर तुझं वाक्य. ते मराठीत करून मोठ्याने वाच: माझी आवड ही एक ज्योत आहे, ती बाबांनी जमिनीत रोवली, मग ती बर्फाच्या गोळ्यासारखी घरंगळत मोठी झाली आणि शेवटी तिचा पाय ठेवायचा दगड झाला. एकाच वाक्यात अशी न जुळणारी चित्रं मिसळली की त्याला मिक्स्ड मेटाफर म्हणतात. हसलीस ना? इंग्रजीत हसली नव्हतीस. सगळा मुद्दा इथेच आहे. मराठीत शब्द कानावर पडला की ती वस्तू डोळ्यापुढे येते. कोणी 'आशेच्या इमारतीला पालवी फुटली' म्हटलं तर अख्खं घर हसेल, चौथीतलं पोरगंसुद्धा. पण 'फ्लेम', 'स्नोबॉल', 'स्टेपिंग स्टोन' हे आपल्यापर्यंत निबंधाच्या गाइडातून आले, भारी शब्द म्हणून, वस्तू म्हणून आलेच नाहीत. बडोद्यात बर्फाचा गोळा म्हणजे काठीला लावलेला कालाखट्टा, तो उतारावरून घरंगळत मोठा होत नाही, तो हातात वितळतो.

आणि 'प्लांटेड' कुठून आलं तेही मला कळलं, म्हणजे अंदाज आहे. मराठीत आपण झाडही लावतो आणि दिवाही लावतो, क्रियापद एकच. तू मनात 'बाबांनी ज्योत लावली' म्हणालीस, ते अगदी बरोबर होतं, आणि इंग्रजीत उतरवताना हात चुकीच्या 'लावणे'वर पडला. ज्योतीला 'लिट' हवं होतं. अशा चुका मी शेकड्याने पाहिल्यात, त्यात बावळटपणा काही नाही, दोन भाषांत राहणाऱ्याच्या पायात हे असं येतंच.

मग पकडायचं कसं? माझी रीत अगदी घरगुती आहे. पेन्सिल घ्यायची आणि ज्या क्रियापदाचं काम खरोखर घडत नाहीये त्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची. नामांखाली नाही, क्रियापदांखाली. कारण लोकांचं लक्ष 'फ्लेम', 'जर्नी', 'फाउंडेशन' असल्या दागिन्यांवर असतं आणि गडबड क्रियापदात होते. पाया घालतात, ज्योत पेटवतात, बी पेरतात, दार उघडतात. 'बिल्ट अ डोअर टू सक्सेस' किंवा 'हार्वेस्टेड अ स्ट्राँग फाउंडेशन' दिसलं की नाम आणि क्रियापद दोन वेगवेगळ्या घरांतून पळून आलेत हे लगेच कळतं. मग प्रत्येक रेघेशी थांबून विचारायचं, हे चित्र मला काढता येईल का? खरंच कागदावर काढायचं, काड्यांची माणसं काढलीस तरी चालेल. तुझं वाक्य काढायला घे, पहिल्या स्वल्पविरामाआधीच पेन्सिल अडेल.

आता पतंगाची गोष्ट सांगते, कारण ही चूक मला दर वर्षी किमान चारदा भेटते आणि ती मिक्स्ड मेटाफर नाहीये, जास्त चोरटी आहे. वाक्य साधारण असं असतं: 'आय वॉन्ट टू कट माय स्ट्रिंग्ज अँड सोअर हाय लाइक अ काइट.' चित्र एकच आहे, कशात काही मिसळलेलं नाही, ऐकायलाही छान वाटतं. आणि लिहिणारं पोरगं कुठलं, तर बडोद्याचं! जे दर चौदा जानेवारीला पहाटेपासून गच्चीवर असतं, बोटांना पट्ट्या चिकटवून! अरे बाबा, दोरी तुटलेला पतंग वर जातो का कधी? तो गटांगळ्या खात, वाऱ्याबरोबर भरकटत चार गल्ल्या सोडून कोणाच्या तरी अँटेनावर किंवा झाडावर लटकतो, आणि खाली पोरं काटक्या बांधलेल्या काठ्या घेऊन त्याला लुटायला धावतात. पतंग वर राहतो तोच मुळी दोरीमुळे. दोरी त्याला वाऱ्याशी एका कोनात तिरका धरून ठेवते म्हणून वारा त्याला उचलतो, दोरी गेली की तो कोन गेला, नुसता कागद उरला. एका मुलाला मी हे विचारलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला ताई, मला तर उलटं म्हणायचं होतं, म्हणजे आई-बाबांनी मला मोकळं सोडलं म्हणून मी वर गेलो. मग त्यासाठी शब्द आहे की रे, रोज गच्चीवर ओरडतोस तो, ढील! फिरकी धरणारा ढील देतो तसा पतंग वर चढतो, दोरी तुटलेली नसते, लांबलेली असते. आम्ही शेवटी लिहिलं: 'माय पेरेंट्स केप्ट होल्ड ऑफ द स्पूल अँड लेट आउट मोअर लाइन.' त्यात पतंगाचं नावसुद्धा नाही, आधीच्या ओळीत उत्तरायण आलं होतं तेवढं पुरलं. आणि बघ, आता त्या वाक्यातून आई-बाबांबद्दल काहीतरी कळतं, आधीच्या वाक्यातून पोरगा घर सोडून पळतोय असंच वाटत होतं.

म्हणून दुसरी परीक्षा, आणि माझ्या मते हीच मोठी: ज्या वस्तूची उपमा देतोयस ती वस्तू रोज हाताळणारा माणूस बाजूला बसलाय असं धर आणि त्याला वाक्य वाचून दाखव. तो हसला तर काढून टाक.

हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका केमिकल कंपनीचं ब्रोशर केलं, नाव नको. त्यात मी मोठ्या हौसेने लिहिलं की अवर टीम इज द कॅटलिस्ट दॅट बर्न्स इटसेल्फ आउट फॉर युअर ग्रोथ. मार्केटिंगवाल्यांना भयंकर आवडलं. छापायला जायच्या आदल्या दिवशी प्लँटमधल्या एका सीनियर इंजिनिअरने वाचलं आणि फोन केला, मॅडम, कॅटलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, तो रिअॅक्शनमध्ये खर्च होत नाही, तो काम करून जसा होता तसा बाहेर येतो, तीच तर त्याची खासियत, आणि तो खरंच जळायला लागला, त्याच्यावर कोक, म्हणजे कोळशाचा थर, बसला, तर आम्ही त्याला काढून नवीन भरतो. म्हणजे मी छापायला निघाले होते की आमची टीम बदलायला झालीये. तेव्हापासून टेक्निकल शब्द रूपकात आला की मी हात आखडते. तुझा एसओपी वाचणारे लोक हेच असणार, प्रोफेसर मंडळी, त्यांच्यापुढे 'क्वांटम लीप' म्हणजे मोठी उडी असं लिहिशील तर पेपरात ते खपतं, वर्षानुवर्षं खपतंय, पण फिजिक्सवाल्याला माहिती असतं की इलेक्ट्रॉनची ती उडी एकदम होते, मधल्या पायऱ्या नसतात, पण मोठी अजिबात नसते. 'स्टीप लर्निंग कर्व्ह'चं तसंच, आडवा वेळ आणि उभं शिक्षण घेऊन आलेख काढ, चढ उभा म्हणजे माणूस भराभर शिकला! लोक मात्र 'फार कठीण गेलं' म्हणून वापरतात. इंजिनिअरने तरी वापरू नये. आणि 'रीच्ड अ क्रेसेंडो', क्रेसेंडो म्हणजे आवाज वाढत जाणं, वाढून पोचायची जागा नव्हे. 'गाणं आरोहावर पोचलं' असं कोणी म्हणतं का? १८८६ पासून ज्या गावात गाण्याची शाळा आहे तिथल्या माणसाने तर हे लिहूच नये.

मगरीचंही सांगून टाकते. विश्वामित्री नदीमुळे आपल्याकडच्या पोरांना मगर फार प्रिय. एकाने लिहिलं, 'प्रॉब्लेम्स चेज्ड मी लाइक अ पॅक ऑफ क्रॉकोडाइल्स.' आता मगर टोळीने पाठलाग करते का? ते काम लांडग्यांचं, जंगली कुत्र्यांचं. आपली मगर काठावर तासन्‌तास ओंडक्यासारखी पडून असते, हलत नाही, माणसाला वाटतं लाकूडच आहे, आणि पुरात ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघते. हे किती छान आहे! ज्या अडचणीला तुम्ही लाकूड समजलात ती मगर निघाली. खरं निरीक्षण त्याच्याजवळ होतं, वापरली मात्र पुस्तकातली झुंड.

आपल्याकडे हे सगळं फार पूर्वी कोणीतरी मांडून ठेवलंय बरं का. शाळेत उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द अशी चार अंगं पाठ केली होतीस, आठवतं? इंग्रजीत उपमेय आणि उपमान या दोघांना टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्सने १९३६ साली दिली, आपल्याकडे भामहाने, साधारण सातव्या शतकात, उपमेचे सात दोष मोजून ठेवले होते. त्यातले लिंगभेद वगैरे इंग्रजीला फारसे लागत नाहीत. पण हीनता आणि आधिक्य, म्हणजे उपमान फार हलकं किंवा फार जड पडणं, हे मला दर आठवड्याला दिसतं. वारलेल्या प्रोफेसरांवर श्रद्धांजली होती, त्यात 'हिज डेथ वॉज लाइक अ सर्व्हर क्रॅश'. लिहिणाऱ्याचं दुःख खरं होतं, पण सर्व्हर संध्याकाळपर्यंत परत चालू होतो ना. आणि उलट बाजूला, हॉस्टेलच्या मेसची पोळी कडक होती तर थेट हिमालय. विनोदी लेखात तो हिमालय मजेत चालेल, एसओपीत नाही. असंभव हाही त्याच यादीतला दोष, त्यात तुझी रोवलेली ज्योत बसते.

एक मात्र लक्षात घे, सगळी रूपकं जिवंत नसतात. टेबलाचा पाय, नदीचं मुख, बँकेची शाखा, यांच्यात आता कोणाला पाय-तोंड-फांदी दिसत नाही. एच. डब्ल्यू. फाउलरने १९२६ च्या त्याच्या कोशात मेलेली आणि जिवंत रूपकं असा फरक सांगितला होता, तो अजून कामाला येतो. मेलेलं रूपक बिनधास्त वापर, फक्त त्याला जागं करू नकोस. 'द न्यू ब्रँच हॅज डन वेल' ठीक. 'द न्यू ब्रँच हिट द ग्राउंड रनिंग' म्हटलंस की झोपलेली फांदी खडबडून उठते आणि झाडावरून उडी मारून पळत सुटते. 'बिग बॉटलनेक'चं मी सोडून देते खरं सांगायचं तर, बाटलीचा गळा मोठा म्हणजे पाणी जास्त सुटणार हे लॉजिक मला माहिती आहे, पण लोक आता ऐकताना गळा बघत नाहीत. 'सॉल्व्ह द बॉटलनेक'ला मात्र मी अजून अडते. लहेरीपुरा दरवाजात (गावातली जुनी वेस) संध्याकाळी स्कूटर अडकली तर तू दरवाजा 'सोडवणार' का? रस्ता मोकळा होतो किंवा रुंद होतो, म्हणून 'क्लिअर' किंवा 'वाइडन' लिही.

मेलेल्या रूपकांचा दुसरा त्रास म्हणजे अर्थ विसरला की स्पेलिंगही घसरतं. 'फ्री रेन' मधला रेन हा घोड्याचा लगाम, तो सैल सोडला, पण लोक राजाच्या राज्यवाला रेन लिहितात कारण घोडा आता कोणी बघितलाय. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या एका निबंधात हेच दाखवलं होतं की 'टो द लाइन' हे लोक पायाच्या बोटाऐवजी दोरीने ओढण्याच्या 'टो'ने लिहितात, म्हणजे रेषेला बोटं लावून उभं राहायचंय हे चित्रच गेलेलं असतं. फॅसिस्ट ऑक्टोपसने स्वान साँग गायलं हा नमुनाही त्यानेच तिथे दिलाय. ऑक्टोपस गातोय, तेही हंसाचं गाणं! त्याच्यापुढे तुझी ज्योत फारच सोज्वळ.

बेसबॉलचं पण तेच. 'बॉलपार्क फिगर', 'कर्व्हबॉल', 'टच बेस', आपल्यातल्या किती जणांनी बेसबॉलची मॅच बघितलीये? न बघितलेल्या खेळातून उपमा काढली की आपल्याला कळत नाही ती कुठे चुकली. मग मुलं हुशारी करून 'गुगली' घालतात, ती आपल्याला शंभर टक्के कळते पण अमेरिकेतल्या कमिटीला कळेलच असं नाही. तिथे सरळ 'अॅन अनएक्स्पेक्टेड क्वेश्चन' लिही. उपमा समजावून सांगायला लागली की ती उपमा राहत नाही.

'लाइक'बद्दल एक बारीक गोष्ट, कारण ही चूक मराठीतून येते आणि कोणी सांगत नाही. 'लाइक एव्हरी चाइल्ड इन बडोदा, काइट्स वेअर माय फर्स्ट लव्ह.' इथे पतंगच लहान मुलासारखे झाले. मराठीत 'बडोद्यातल्या प्रत्येक मुलासारखं माझंही पहिलं प्रेम पतंगच' हे चालून जातं कारण 'माझंही' आलं की कोणाची तुलना कोणाशी ते कानाला कळतं. इंग्रजीत 'लाइक'ला तसली शेपटी नाही, तो स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम येईल त्याला जाऊन चिकटतो. म्हणून तिथे 'आय' आण: 'लाइक एव्हरी चाइल्ड इन बडोदा, आय लव्ह्ड काइट्स फर्स्ट.' झालं.

आता तू म्हणशील मिक्स्ड मेटाफर मोठमोठ्यांनीही केलंय. केलंय की. शेक्सपिअरचा हॅम्लेट संकटांच्या समुद्रावर शस्त्र उगारायचं म्हणतो, समुद्रावर तलवार चालवून काय होणार? पण तिथे तो माणूसच तसा घेरलेला आहे, वार करून काही उपयोग नाही हे त्या गोंधळलेल्या चित्रातूनच कळतं. त्याच्या तोंडी शोभतं. अॅडमिशन मागणाऱ्याला गोंधळलेलं दिसून चालत नाही, एवढाच फरक.

राहिली दुरुस्ती. लोकांना वाटतं की बिघडलेली उपमा काढून तिथे चांगली उपमा बसवायची. मी दहातल्या सात वेळा नुसती काढून टाकते आणि तिच्या जागी जे खरं घडलं ते लिहिते. तुझंच घे. ज्योत एकच ठेवून दुरुस्त करायची तर 'माय फादर लिट द फ्लेम अँड आय हॅव केप्ट इट बर्निंग' असं करता येईल, चित्र जुळलं, चूक राहिली नाही. पण वाचलंस का परत? मिळमिळीत आहे. असली ज्योत त्या कमिटीपुढे त्या दिवशी अजून वीस जणांनी ठेवलेली असणार.

आणि तू तर प्रश्नातच, बाबांची ओळख करून देताना, सहज लिहून गेलीस की बाबा नंदेसरीच्या प्लँटमध्ये शिफ्टला असतात आणि तू सहावीत असताना त्यांनी लाइट बिलाच्या मागे डिस्टिलेशन कॉलम काढून दाखवला होता, खालून तापवतात, हलकं वर जातं, जड खाली राहतं, आणि आईने ते बिल भरायला मागितलं तर तू दिलं नाहीस. अगं, हे लिही ना! 'व्हेन आय वॉज इलेव्हन, माय फादर केम होम फ्रॉम हिज शिफ्ट अँड ड्रू अ डिस्टिलेशन कॉलम ऑन द बॅक ऑफ द इलेक्ट्रिसिटी बिल. आय रिफ्यूज्ड टू लेट माय मदर टेक इट टू द काउंटर.' एक उपमा नाही, एक रूपक नाही. सरांना लाल पेन उचलायला जागा नाही.

बाकी एसओपी मी पूर्ण वाचला. दुसऱ्या पॅऱ्यात 'अनलॉक न्यू होरायझन्स' आहे, क्षितिजाला कुलूप नसतं, ते काढ. 'इन अ नटशेल' राहू दे, मेलेलं आहे. तिसऱ्या पॅऱ्यात 'आय हॅव अचीव्ह्ड मेनी माइलस्टोन्स' आहे. पावागढला जाताना मैलाचे दगड बघितलेस ना, ते रस्त्याच्या कडेला आधीपासूनच असतात, तू फक्त ओलांडून पुढे जातेस. 'पास्ड' कर, नाहीतर सरळ त्या दोन प्रोजेक्टची नावं लिही, मला वाटतं नावंच बरी.